राष्ट्रीय विधी विद्यापीठ: ते कोणत्या कायद्याने उभे राहते, पैसा कुठून येतो आणि कुरुदच्या विद्यार्थ्याला त्याचा लाभ कसा मिळतो

थोडक्यात

- 'राष्ट्रीय विधी विद्यापीठ' या नावात 'राष्ट्रीय' असले तरी ते सहसा राज्य विधिमंडळाच्या अधिनियमाने स्थापन होते. छत्तीसगडचे हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ २००३ च्या राज्य अधिनियमाने उभे राहिले.
- अधिनियमामुळे विद्यापीठाला अस्तित्व आणि अधिकार मिळतात. पैसा मात्र दरवर्षी अर्थसंकल्पातून वेगळा मंजूर व्हावा लागतो.
- शासनाचा वाटा कमी पडला की उरलेला खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागवला जातो. म्हणून विधेयकातील निधीचे कलम हा पालकांच्या खिशाशी जोडलेला विषय आहे.
- रहिवासी दाखला आणि जातीचा दाखला यांचे नियम वेगळे आहेत. महाराष्ट्रातून भिलाईत आलेल्या कुटुंबांनी हा फरक आधीच समजून घ्यावा.

हे पान कोणासाठी आहे?

भिलाईतील कुरुद आणि आसपासच्या वस्त्यांत राहणाऱ्या मराठी भाषक कुटुंबांसाठी, विशेषतः ज्यांच्या घरात कोणी बारावीनंतर वकिलीचे शिक्षण घेऊ इच्छिते त्यांच्यासाठी. आपल्या राज्यात किंवा जिल्ह्यात नवे शासकीय विधी विद्यापीठ यावे असे ज्यांना वाटते, त्यांनाही त्यासाठी कोणता कायदा लागतो आणि त्यात काय तपासायचे हे येथे कळेल.

एक सूचना आधीच. छत्तीसगडमध्ये कुरुद नावाची दोन ठिकाणे आहेत. एक दुर्ग जिल्ह्यातील भिलाईचे कुरुद आणि दुसरे धमतरी जिल्ह्यातील कुरुद, जे तहसीलचे ठिकाण आहे. ऑनलाइन अर्ज भरताना यादीतून 'कुरुद' निवडण्याआधी जिल्हा 'दुर्ग' निवडला आहे ना, हे पाहा. जिल्हा चुकला तर अर्ज चुकीच्या कार्यालयात जातो आणि दाखल्याला उशीर होतो.

'राष्ट्रीय' म्हणजे केंद्राचे नव्हे

हा फरक भिलाईकरांना घराजवळच्या उदाहरणावरून समजेल. दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथे आयआयटी भिलाई आहे. ती संसदेच्या कायद्याखाली येते. २०१६ च्या दुरुस्तीने तिचे नाव तंत्रज्ञान संस्था अधिनियमात समाविष्ट झाले. ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था असून तिचा खर्च मुख्यतः केंद्र सरकार उचलते.

नवा रायपूरमधील उपरवारा येथे हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. त्याच्याही नावात 'राष्ट्रीय' आहे, पण ते संसदेने नव्हे तर छत्तीसगड विधानसभेने स्थापन केले. तिथे देशभरातून विद्यार्थी येतात आणि प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून होतो. त्या अर्थाने ते राष्ट्रीय आहे. त्याचा जन्म आणि त्याची कायदेशीर चौकट मात्र राज्याची आहे.

याचे कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सापडते. विद्यापीठे स्थापन करणे हा राज्य सूचीतील ३२ व्या नोंदीचा विषय आहे. शिक्षण हा समवर्ती सूचीतील २५ व्या नोंदीत येतो, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे आणि त्यात समन्वय राखणे हे संघ सूचीतील ६६ व्या नोंदीनुसार केंद्राकडे आहे. वकिलीसाठी कोणती पदवी चालेल हे १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली भारतीय विधिज्ञ परिषद ठरवते. त्यामुळे विद्यापीठ राज्याचे असले तरी त्याच्या पदवीला विद्यापीठ अनुदान आयोग आणि विधिज्ञ परिषद या दोन्ही केंद्रीय पातळीवरील संस्थांचे नियम लागू होतात.

छत्तीसगडचा अधिनियम कसा आला?

देशातील पहिले असे विद्यापीठ बेंगळुरूला कर्नाटकच्या १९८६ च्या अधिनियमाने स्थापन झाले आणि तिथे १९८८ मध्ये वर्ग सुरू झाले. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आणि कायद्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ, हा नमुना त्यातून रुळला. मध्य प्रदेशाने १९९७ मध्ये भोपाळच्या संस्थेसाठी अधिनियम केला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले तेव्हा बिलासपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय आले, पण भोपाळचे विधी विद्यापीठ मध्य प्रदेशातच राहिले. नव्या राज्याने २००३ मध्ये स्वतःचा अधिनियम केला. तो 'हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ, छत्तीसगड अधिनियम, २००३' म्हणून ओळखला जातो आणि तो त्या वर्षाचा १० वा अधिनियम आहे.

विद्यापीठाला न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांचे नाव दिले आहे. त्यांचे शालेय शिक्षण रायपूरला आणि पुढचे नागपूरच्या मॉरिस कॉलेजमध्ये झाले. नागपूरलाच त्यांनी वकिली केली आणि १९५४ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. १९६८ ते १९७० या काळात ते भारताचे सरन्यायाधीश होते आणि पुढे उपराष्ट्रपती झाले. रायपूर आणि नागपूर तेव्हा एकाच प्रांतात होते. भिलाईतल्या अनेक मराठी घरांच्या मागच्या पिढ्यांचा प्रवासही याच दोन टोकांमधला आहे.

हे विद्यापीठ एकात्म स्वरूपाचे आहे, म्हणजे त्याला इतर महाविद्यालये संलग्न होत नाहीत. दुर्ग-भिलाईतील विधी महाविद्यालये त्याच्याशी जोडलेली नाहीत. ती दुर्गच्या हेमचंद यादव विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्यामुळे शासनाने राष्ट्रीय विधी विद्यापीठाला दिलेला रुपया तुमच्या जवळच्या विधी महाविद्यालयापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

नव्या विद्यापीठाच्या विधेयकाचा प्रवास

समजा, उद्या राज्यात आणखी एक शासकीय विधी विद्यापीठ काढायचे ठरले. त्यासाठी पुढील टप्पे पार व्हावे लागतील.

१. मसुदा. संबंधित विभाग मसुदा तयार करतो, वित्त विभागाचे मत घेतले जाते आणि मंत्रिमंडळ मान्यता देते.

२. वित्तीय ज्ञापन. विधेयकाला एक छोटे टिपण जोडलेले असते. विद्यापीठ सुरू करायला एकदाच किती खर्च येईल आणि पुढे दरवर्षी किती, हे त्यात लिहावे लागते. सामान्य वाचकाने विधेयकातील सर्वांत आधी वाचावे असे हेच पान आहे.

३. राज्यपालांची शिफारस. राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करावा लागणारे विधेयक, राज्यपालांनी ते विचारात घेण्याची शिफारस केल्याशिवाय सभागृहाला संमत करता येत नाही. ही तरतूद राज्यघटनेच्या अनुच्छेद २०७ मध्ये आहे.

४. सभागृहातील चर्चा आणि मतदान. छत्तीसगडमध्ये ९० सदस्यांची विधानसभा हे एकच सभागृह आहे. महाराष्ट्रात विधेयक विधानसभा आणि विधान परिषद अशा दोन सभागृहांतून जाते.

५. राज्यपालांची संमती आणि राजपत्रात प्रसिद्धी. संमतीची तरतूद अनुच्छेद २०० मध्ये आहे.

६. अंमलाची तारीख. अनेक अधिनियमांत 'शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिवशी अंमलात येईल' असे लिहिलेले असते. अशा वेळी विधेयक संमत झाले तरी अधिसूचना निघेपर्यंत विद्यापीठ कागदावरच राहते.

कायदा झाला, मग पैसा कधी?

'विधेयक मंजूर झाले' ही बातमी वाचून पुष्कळांना वाटते की पैशाचाही प्रश्न सुटला. तसे नसते. विद्यापीठाच्या अधिनियमात 'विद्यापीठाचा एक निधी असेल' असे कलम असते. त्या निधीत शासनाचे अनुदान, शुल्क, देणग्या आणि इतर उत्पन्न जमा होईल, असे त्यात म्हटलेले असते. हे झाले निधीचे भांडे. ते भरण्यासाठी दरवर्षी वेगळी प्रक्रिया लागते.

अनुच्छेद २०२ नुसार राज्याचा अर्थसंकल्प विधिमंडळापुढे येतो. अनुच्छेद २०३ नुसार प्रत्येक विभागाच्या खर्चासाठी अनुदानाची मागणी मांडली जाते. सभागृह ती मान्य करू शकते, फेटाळू शकते किंवा कमी करू शकते. त्यानंतर अनुच्छेद २०४ नुसार विनियोजन अधिनियम होतो. त्याशिवाय एकत्रित निधीतून पैसे काढता येत नाहीत. वर्षाच्या मध्यात रक्कम कमी पडली तर अनुच्छेद २०५ खाली पुरवणी मागणी मांडावी लागते.

म्हणून अधिनियमातील एका शब्दाकडे लक्ष द्या. 'शासन अनुदान देईल' आणि 'शासन अनुदान देऊ शकेल' या दोन वाक्यांत मोठा फरक आहे. पहिल्यात शासनावर बंधन येते, दुसऱ्यात फक्त मुभा मिळते. 'देईल' असे लिहिले असले तरी रक्कम किती, हे बहुधा वर्षाच्या अर्थसंकल्पातच ठरते.

भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च हेही वेगळे ओळखा. जमीन, इमारत, ग्रंथालय, वसतिगृह हा भांडवली खर्च झाला. प्राध्यापकांचे वेतन, वीज, ग्रंथालयाची वर्गणी, शिष्यवृत्ती हा दरवर्षीचा आवर्ती खर्च. इमारतीसाठी मोठी रक्कम एकदा जाहीर होते आणि तिची बातमीही होते. आवर्ती खर्चाचा वाटा मात्र वर्षानुवर्षे कोण उचलणार, हा प्रश्न मागे राहतो. देशातील अनेक राष्ट्रीय विधी विद्यापीठे दैनंदिन खर्चासाठी मोठ्या प्रमाणावर शुल्कावर अवलंबून आहेत. त्यामुळे ही विद्यापीठे शासकीय असूनही त्यांचे शुल्क साध्या शासकीय महाविद्यालयापेक्षा कितीतरी जास्त असते.

केंद्राचा पैसा मिळण्याचा मार्ग वेगळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम १२ ख खाली विद्यापीठ पात्र ठरले तर त्याला केंद्रीय साहाय्य मिळू शकते. ते राज्याच्या अनुदानाला पूरक असते, पर्याय नसते.

महाराष्ट्राचे उदाहरण: एक अधिनियम, तीन विद्यापीठे

महाराष्ट्राने 'महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ अधिनियम, २०१४' केला. तो त्या वर्षाचा ६ वा अधिनियम आहे. या एकाच अधिनियमाखाली मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे विद्यापीठे आली. पण तिन्हींचे वर्ग एकाच वेळी सुरू झाले नाहीत. मुंबईचे २०१५ मध्ये, नागपूरचे २०१६ मध्ये आणि औरंगाबादचे २०१७ मध्ये सुरू झाले. नागपूरच्या विद्यापीठाने सुरुवातीला न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात काम केले आणि त्याचा स्थायी परिसर बुटीबोरीजवळच्या वारंगा येथे उभा राहिला.

यातून एक गोष्ट लक्षात येते. कायद्यात तीन शहरांची नावे एका दिवसात लिहिता येतात, पण जागा, इमारत, शिक्षक आणि पैसा प्रत्येक शहराला आपापल्या गतीने मिळतात. नव्या विद्यापीठाची घोषणा झाली की 'वर्ग कुठल्या इमारतीत आणि कुठल्या वर्षी सुरू होणार' हे आधी विचारा.

विधेयक हाती आले तर या पाच जागा पाहा

- निधी. अनुदान बंधनकारक आहे की ऐच्छिक? वित्तीय ज्ञापनात आवर्ती खर्चाची रक्कम दिली आहे का?
- शुल्क. शुल्क कोण ठरवते? त्यावर कोणाची देखरेख आहे? गरीब विद्यार्थ्यांना सवलत देण्याचे कलम आहे का?
- जागा. राज्यातील रहिवाशांसाठी किती जागा आहेत आणि 'रहिवासी' या शब्दाची व्याख्या काय आहे?
- अधिकार मंडळे. सर्वसाधारण परिषद, कार्यकारी परिषद, विद्वत परिषद आणि वित्त समिती यांत कोण बसते? छत्तीसगडच्या विद्यापीठाचे कुलपती राज्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असतात. अशा रचनेत न्यायव्यवस्थेचा अधिकार मोठा असतो आणि पैसा शासनाकडून यायचा असतो. दोघांत ताळमेळ नसेल तर निर्णय अडतात.
- हिशेब. लेखापरीक्षण कोण करते? वार्षिक अहवाल आणि हिशेब विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक आहे का?

जागांच्या कलमाबाबत कर्नाटकचा अनुभव जाणून घ्या. तिथल्या विधिमंडळाने २०२० मध्ये दुरुस्ती करून बेंगळुरूच्या विद्यापीठात राज्यातील विद्यार्थ्यांसाठी २५ टक्के जागा राखल्या. सप्टेंबर २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. त्या विद्यापीठाच्या स्थापनेत भारतीय विधिज्ञ परिषदेची भूमिका वेगळी होती, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. मूळ अधिनियमाची घडण कशी आहे, यावर नंतरच्या दुरुस्तीचे भवितव्य अवलंबून असते. स्थानिकांसाठी जागा हव्या असतील तर त्यांची मागणी पहिल्याच विधेयकात करणे चांगले.

रहिवासी दाखला आणि जातीचा दाखला: इथे गफलत होते

भिलाई पोलाद कारखान्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. कामाच्या निमित्ताने विदर्भातून अनेक कुटुंबे इथे आली आणि इथलीच झाली. त्यांच्या नातवंडांना आज दोन वेगवेगळे दाखले लागतात.

रहिवासी दाखला राज्यातील जन्म, वास्तव्य, शिक्षण किंवा पालकांची नोकरी अशा निकषांवर मिळतो. भिलाईत जन्मलेल्या आणि इथेच शिकलेल्या मुलीला तो मिळण्यात सहसा अडचण नसते. मातृभाषा मराठी असल्याने त्यात काही फरक पडत नाही.

जातीच्या दाखल्याचे तसे नाही. छत्तीसगडमध्ये अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून राज्याच्या क्षेत्रात राहत होते, हे दाखवावे लागते. अनुसूचित जमातीसाठी ही तारीख ६ सप्टेंबर १९५० आहे, तर इतर मागासवर्गासाठी २६ डिसेंबर १९८४. आजोबा १९५८ मध्ये भंडाऱ्याहून कारखान्यात कामाला आले असतील, तर अनुसूचित जातीसाठीची तारीख त्यांच्या येण्याआधीच उलटून गेली होती. जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरी स्थलांतर केलेल्या राज्यात राज्याच्या सवलती मिळत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मुंबईतील एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात दिला.

अशा कुटुंबातील मुलीची अडचण नीट समजून घ्या. ती छत्तीसगडची रहिवासी आहे, म्हणून राज्यातील रहिवाशांसाठीच्या खुल्या जागांवर तिचा हक्क आहे. राज्याच्या राखीव जागेसाठी लागणारा छत्तीसगडचा जातीचा दाखला मात्र तिला मिळत नाही. महाराष्ट्रात राज्याच्या जागेसाठी तिथला रहिवासी दाखला लागतो आणि तो तिच्याकडे नाही. दोन्हीकडून हुकते.

यावर पूर्ण उपाय नाही, पण एक मार्ग आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या मूळ जिल्ह्यातील जातीच्या दाखल्याच्या आधारे, सध्या राहत असलेल्या राज्यातील अधिकारी स्थलांतरितांसाठीचा दाखला देऊ शकतात. असा दाखला केंद्र सरकारच्या लाभांसाठी उपयोगी पडतो. म्हणून आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या जमिनीचा उतारा, कोतवाल बुकातील नोंद अशी कागदपत्रे आत्ताच गोळा करून ठेवा. अर्ज फेटाळला गेला तर दुर्गच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहेत. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

प्रवेश कसा मिळतो?

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी क्लॅट ही सामाईक परीक्षा द्यावी लागते. ती २००८ मध्ये सात विद्यापीठांनी मिळून सुरू केली आणि रायपूरचे विद्यापीठ त्या सातांत होते. आता राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा संघ ती घेतो.

- पात्रता: बारावीत किमान ४५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातीसाठी ४० टक्के. बारावीची परीक्षा देणारे विद्यार्थीही अर्ज करू शकतात.
- स्वरूप: १२० प्रश्न, २ तास. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो.
- माध्यम: इंग्रजी. हिंदी किंवा मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी वाचनाचा सराव अकरावीपासूनच सुरू करावा.

अर्ज भरताना राज्य-रहिवासी जागेचा पर्याय निवडायला विसरू नका. हा पर्याय सुटला तर दाखला हातात असूनही त्या जागेसाठी विचार होत नाही.

महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांसाठी वेगळी सामाईक परीक्षा आहे. ती महाराष्ट्राचा सीईटी कक्ष घेतो आणि तिला मराठी माध्यमाचा पर्याय आहे. तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा प्रवेश मात्र क्लॅटमधूनच होतो.

शुल्क परवडत नसेल तर

- पीएम विद्यालक्ष्मी योजना. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. योजनेच्या यादीतील संस्थेत प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. यादी दरवर्षी बदलते, म्हणून प्रवेशाच्या वर्षाची यादी पाहा.
- अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची उच्च दर्जाच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती. अधिसूचित संस्थांसाठी लागू. ही केंद्राची योजना असल्याने वर सांगितलेला स्थलांतरितांचा दाखला इथे कामी येऊ शकतो.
- राज्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. यासाठी राज्याचाच जातीचा दाखला लागतो.
- विद्यापीठाची स्वतःची सवलत. प्रवेशपत्रिकेत पाहा आणि प्रवेश निश्चित करण्यापूर्वी लेखी विचारा.

पैसा कुठे गेला, हे कसे विचारायचे?

अधिनियमाने स्थापन झालेले विद्यापीठ माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली सार्वजनिक प्राधिकरण आहे. तुम्ही पुढील माहिती मागू शकता.

१. मागील पाच वर्षांत राज्य शासनाकडून मिळालेले अनुदान, भांडवली आणि आवर्ती असे वेगळे.
२. त्याच वर्षांत विद्यार्थी शुल्कातून जमा झालेली रक्कम.
३. शुल्क सवलत आणि शिष्यवृत्तीवर झालेला खर्च आणि लाभार्थींची संख्या.
४. शुल्कवाढीचा निर्णय घेतलेल्या बैठकीचे इतिवृत्त.

पहिल्या दोन आकड्यांची तुलना केली की विद्यापीठ किती शासनाच्या पैशावर आणि किती पालकांच्या पैशावर चालते, हे स्पष्ट होते.

अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना ते लागत नाही. अर्ज हिंदी, इंग्रजी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करता येतो. छत्तीसगडमध्ये मराठीतील अर्ज यात बसत नाही, म्हणून हिंदीत लिहा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील करा आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

शिवाय अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी आपल्या आमदारांना पत्र लिहा. मागणीवर चर्चा होते तेव्हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांचा असतो. 'विद्यापीठ द्या' एवढेच न लिहिता 'आवर्ती अनुदान किती आणि रहिवाशांच्या जागा किती' असे नेमके विचारा.

हिंदी कागद वाचताना

छत्तीसगडचे कागद हिंदीत असतात. काही शब्द मराठीसारखे दिसतात, पण अर्थ वेगळा असतो.

- हिंदीत 'कुलपति' म्हणजे पूर्वापार मराठीतले कुलगुरू. मराठीतल्या कुलपतींना हिंदीत 'कुलाधिपति' म्हणतात.
- 'संचित निधि' म्हणजे मराठीत एकत्रित निधी.
- 'अधिवक्ता परिषद' म्हणजे विधिज्ञ परिषद.
- 'निवास प्रमाण पत्र' म्हणजे रहिवासी दाखला.
- 'आय प्रमाण पत्र' म्हणजे उत्पन्नाचा दाखला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*भिलाईच्या विधी महाविद्यालयातून पदवी घेतली तर वकिली करता येते का?*
होय. महाविद्यालय विधिज्ञ परिषदेने मान्य केलेले असावे. पदवीनंतर राज्य विधिज्ञ परिषदेत नोंदणी करावी लागते आणि अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या पदवीधरालाही हेच नियम आहेत.

*पदवीनंतर कायदा शिकता येतो का?*
होय. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. नोकरी करणाऱ्यांनी उपस्थितीची अट आधी तपासावी.

*रहिवासी दाखल्याचा अर्ज कुठे करायचा?*
तहसील कार्यालयात, लोक सेवा केंद्रात किंवा छत्तीसगडच्या ई-डिस्ट्रिक्ट पोर्टलवर. अर्जाची पावती जपून ठेवा. लोकसेवा हमी अधिनियमाखाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते आणि उशीर झाल्यास त्या पावतीवरच तक्रार करता येते.

*दाखले केव्हा काढावेत?*
अकरावीतच. क्लॅटचा निकाल आणि प्रवेशफेरी यांमध्ये वेळ थोडा असतो. निकालानंतर अर्ज केला तर जागा मिळूनही कागदाअभावी ती सुटू शकते.